ओबपाझू नावाचा देश

चहा घ्या, निवेल. आता ही गोष्ट कुठून सुरू करू, तेच समजून नाही राहिलं. आमच्याकडे येणारा प्रत्येक जुना पाहुणा दारातच मला विचारतो, "काय मग, ओबपाझूची काय खबर?" आणि आमची मंजिरी तोंडाला पदर लावून आत पळते. तुम्ही नवीन आहात म्हणून मीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर त्यात दोन माणसं हसून बेशुद्ध पडलेली असतात. खरं सांगतो, बेशुद्ध कुणी पडलं नव्हतं. मी पडायला हवं होतं, पण तेवढंही जमलं नाही.

छत्तीसगड वेगळं झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी सत्तावीस वर्षांचा, जबलपूरच्या रिछाईला पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर. घर चेरीतालला. मराठी मंडळाच्या नाटकात मी दिवे सांभाळायचो आणि मंजिरी दाते काम करायची. आता ज्याच्या हातात दिवे असतात तो उजेड कुणावर पाडणार? दिग्दर्शक ओरडायचे, अरे नायकावर पण टाक. पण नायकात काय होतं?

तर जमलं आमचं. अडचण एकच होती, आणि ती म्हणजे दाते सर.

मंजिरीचे वडील. भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांचं घराणं मराठ्यांच्या कारभारात जबलपुरात आलेलं, आमचे आजोबा अमरावतीकडून आलेले. म्हणजे दोघंही मराठीच, पण त्यांच्या घरी "का बरं" म्हणतात आणि आमच्या घरी "काहून". हसू नका, एवढ्याशा शब्दावर मोडलेली लग्नं मला माहीत आहेत.

सरांच्या बैठकीत एका भिंतीवर जगाचा नकाशा आणि दुसरीवर मध्य प्रदेशाचा. नियम एकच, नकाशात नाही तो देश नाही. छत्तीसगड झालं तेव्हा तिकडे पेढे वाटून झाले, पण सरांनी नकाशावर रेघ मारली ती सरकारी राजपत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्यावरच. तोवर त्यांच्या घरात रायपूर मध्य प्रदेशातच होतं. असा माणूस मला जावई म्हणून मानेल? कोणत्या राजपत्रात माझं नाव आलं होतं?

मंजिरीने तोड काढली. सरांना एकच नाद होता, देशोदेशीच्या नोटांचा. परदेशात गेलेले विद्यार्थी पाकिटातून एखादी नोट पाठवायचे आणि सर ती अल्बमात लावून खाली मोत्यासारख्या अक्षरात देशाचं नाव लिहायचे. मंजिरी म्हणाली, "मुलगा म्हणून आलास तर बाबा तुला पेपर तपासावा तसे तपासतील. तू नोटा जमवणारा म्हणून ये. चार वेळा ये-जा होऊ दे, मग मी बोलते. तू फक्त एक कर. कमी बोल."

मला कमी बोल म्हणणं म्हणजे म्हशीला पाण्यातून बाहेर ये म्हणणं. तरी मी हो म्हणालो.

आता नोट कुठून आणू? आमच्या घरात परदेशी म्हणावी अशी वस्तू एकच होती, माझ्या मामाने दिलेला बंद पडलेला लायटर. मग गेलो फुहाऱ्याच्या बाजारात. तिथे फुटपाथवर एक भैया जुनी नाणी, नोटा, अंगठ्या घेऊन बसायचा. त्याला म्हटलं, अशी नोट दे की पाहणारा पाहत राहील. त्याने प्लास्टिकमधून एक कोरी करकरीत नोट काढली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ये ऐसे मुल्क की है भैया, जिसको कोई मुल्क मानता ही नहीं. झगड़े की ज़मीन है. मान्यता माँग रहे हैं, तो नोट छाप दिए. बाहर वाले यादगार समझ के ले जाते हैं."

मला तर भरून आलं. कुणी मानत नाही, तरी बिचाऱ्यांनी आपल्या नोटा छापल्या. मुल्काचं नाव विचारलं तर भैया म्हणाला, लिहिलेलं आहे, पढ़ लो. आणि खरंच, नोटेवर आडवंतिडवं, लालभडक, मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. पण लिपी अशी की अर्धी इंग्रजी, अर्धी अंकलिपी. आधी ओ. मग बी किंवा सहा. मग पी, ए. मग चक्क तीन. मग ई, आणि शेवटी शेपटी फुटलेला यू. घरी येऊन मी अर्धा तास जीभ वळवली आणि नाव तयार केलं. ओबपाझू.

का नाही? टिंबक्टू असू शकतं तर ओबपाझू का नाही?

रविवारी सकाळी सरांकडे गेलो. नोट पाहून सरांनी भिंग काढलं. मंजिरी दाराआड उभी राहून मला ओठांवर बोट ठेवून दाखवत होती. मी पहिली पाच मिनिटं खरोखर गप्प होतो, त्याचे साक्षीदार आहेत.

सर म्हणाले, लिपी तर रशियन दिसते. मी म्हणालो, शेजारी आहेत सर, उसनी घेतली. आपली मराठी आणि हिंदी नाही का एकाच लिपीत? सरांना ते पटलं. मग ते म्हणाले, देशाचं नाव असं तिरपं का छापलंय? मी म्हणालो, मान्यता नाही ना, जगाला लांबून दिसावं म्हणून. मग त्यांनी नोटेचा नंबर पाहिला. सगळी शून्यं होती. भिंग खाली ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले.

"पहिलीच नोट आहे, सर," मी म्हणालो.

दाराआड मंजिरीने कपाळावर हात मारला. पण सरांचा चेहरा खुलला होता, हो. पहिली नोट! त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. मग विचारलं, नोटेवर हे पांढऱ्या केसांचे गृहस्थ कोण?

इथे मला थांबता आलं असतं. माहीत नाही म्हणालो असतो तर आज तुम्ही नुसता चहा पिऊन गेला असता. पण समोर सरांचेही पांढरे केस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की हे त्या देशाचे संस्थापक, आधी भूगोलाचे शिक्षक होते.

सरांनी नोट खाली ठेवली. मग चष्मा पुसत म्हणाले, "छत्तीस वर्षं शिकवलं मी. एका तरी देशाला कळलं म्हणायचं."

आणि तो माणूस उठला, पेन्सिल घेतली आणि जगाच्या नकाशासमोर जाऊन मला म्हणाला, दाखव. राजपत्र नाही, काही नाही! मी डोळे अर्धवट मिटून रशियाच्या खालच्या अंगाला बोट ठेवलं. ते पडलं काळ्या समुद्रात. सरांनी विचारलं, बेट आहे का? मी म्हणालो, भरतीच्या वेळी. त्यांनी तिथे बारीक ठिपका काढला आणि बाजूला लिहिलं, ओबपाझू.

मंजिरीने मला जिन्यात गाठलं. "यातलं काही खरं आहे का?"

"नोट खरी आहे," मी म्हणालो.

त्यानंतर दर रविवारी माझं जाणं सुरू झालं. काकू पोहे करायच्या, सर प्रश्न विचारायचे आणि ओबपाझू वाढत जायचा. तिथे बटाटा पिकू लागला. मग बटाट्याचा सण आला. लोक कष्टाळू निघाले, बायका हुशार निघाल्या, शाळेत पहिला तास भूगोलाचा ठरला. एकदा बोलता बोलता मी तिथे नर्मदेएवढी नदी सोडली आणि सरांनी वही काढून तिची लांबी विचारली. मी सायबर कॅफेत पाऊण तास बसून ओबपाझू शोधलासुद्धा. कॉम्प्युटर मलाच विचारत होता, तुम्हाला दुसरं काही म्हणायचंय का? मी उठून आलो.

सर म्हणाले, भालेरावांना ही नोट दाखवू, ते रशियाला राहून आलेत. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. भालेराव काका म्हणजे सरकारी कारखान्यातून ट्रेनिंगसाठी दोन वर्षं रशियाला गेलेले गृहस्थ. त्यांचं प्रत्येक वाक्य "आम्ही रशियात असताना" असं सुरू व्हायचं आणि कधी संपायचं ते सांगता येत नसे. त्यांना पाहून लोक रस्ता ओलांडायचे. पण देव माझ्या पाठीशी होता. गुडघे दुखतात म्हणून काका वर्षभरापासून सिहोऱ्याला लेकीकडे राहत होते. मी म्हटलं, कशाला त्यांना त्रास.

देव पाठीशी असतो, पण गणपतीत तो समोर येऊन बसतो. मंडळाच्या गणेशोत्सवात रविवारी सकाळी व्याख्यान असायचं आणि ते ठरवायचं काम दाते सरांकडे होतं. नागपूरचे वक्ते आजारी पडल्याचा फोन आला. सरांनी एका क्षणाचाही विचार केला नाही. संध्याकाळपर्यंत फळ्यावर खडूने लिहूनही झालं, "ओबपाझू: मान्यतेच्या शोधातील देश". खाली माझं नाव, आणि नावापुढे "अभ्यासक".

मंजिरी म्हणाली, आताच्या आता जाऊन बाबांना खरं सांग. बरोबर होतं तिचं. मी गेलोही होतो. पण सरांनी माझ्यासाठी त्या नोटेचा मोठा रंगीत कागद करून आणला होता, दारापेक्षा मोठा, आणि तो जमिनीवर पसरून ते स्वतः गुडघ्यावर बसून त्याला काठी लावत होते. मला म्हणाले, जरा हे टोक धर. मी टोक धरलं. आता सांगा, टोक धरलेल्या माणसाने काय बोलावं?

रविवारी सभागृह भरलं. माझे आईबाबा आले. आई नवी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती आणि शेजारणीला सांगत होती, पोरगा भाषण देऊन राहिला. मी स्टेजकडे जाताना मला हळूच म्हणाली, "काहून रे, हा देश हाय तरी कुठं? आपल्या नात्यात कुणी तिकडं गेलं नाही."

भाषण मात्र मी असं ठोकलं म्हणता! सांगू का, एक गंमत झाली. बोलता बोलता मलाच ओबपाझू खरा वाटायला लागला. मी म्हणालो, स्वतःची शाळा आहे, स्वतःचा बटाटा आहे, स्वतःची नोट आहे, पण बाहेरच्याने हो म्हटल्याशिवाय देश होत नाही. हे दुःख जबलपूरला कळणार नाही तर कुणाला कळेल? राजधानी होता होता राहिलेलं आपलं गाव! आणि आपण इथले मराठी लोक, नागपूरला गेलो की आपल्याला हिंदीवाले म्हणतात आणि इथे मराठीवाले. आपल्याला तरी कुणी कुठलं म्हणून मानलंय?

टाळ्या अशा पडल्या की पहिल्या रांगेत झोपलेले एक गृहस्थ दचकून जागे झाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून चष्मा काढला, माझ्या पाठीमागच्या मोठ्या नोटेकडे पाहिलं.

भालेराव काका. गणपतीसाठी सकाळच्या बसने सिहोऱ्याहून आले होते.

ते काठी टेकत उभे राहिले. म्हणाले, आम्ही रशियात असताना, आणि सगळ्या सभागृहाने सवयीने उसासा सोडला. पण त्या दिवशी त्यांचं वाक्य लगेच संपलं.

"आम्ही रशियात असताना हा शब्द रोज वाचायचो. ओबपाझू नाही हो ते. ओब्राझेत्स."

मी म्हणालो, असेल काका, आपल्या जिभेला उच्चार थोडा इकडेतिकडे होतो.

"उच्चाराचं नाही म्हणत मी. देशाचं नाव वर बारीक अक्षरात आहे. हा लाल शब्द म्हणजे नमुना. ही चालणारी नोट नाही, लोकांना दाखवायला काढलेली नमुना नोट आहे. म्हणून तर नंबरात सगळी शून्यं."

मला वाटलं, हळू आवाजात बोलले, मागच्यांनी ऐकलं नसेल. पण माइकवाले भैया स्टेजच्या कडेलाच उभे होते. पन्नाशीचे, मराठी समजणारे, आणि त्यांच्या हातातला माइक चालू होता. ते अगदी मनापासून म्हणाले, "मतलब इतनी देर से नमूना नमूने पे भाषण दे रहा था?"

मग जे हसू फुटलं! खुर्च्या हलत होत्या. पेटीवाले पेटीवर डोकं टेकून हसत होते. सगळ्यांत आधी कोण हसलं असेल? मंजिरी. तिसऱ्या रांगेत, ओंजळीत तोंड धरून. एकटे दाते सर हसत नव्हते. ते त्या मोठ्या कागदाकडे बघत होते, आणि मला भालेराव काकांचं, भैयाचं, कुणाचंच काही वाटलं नाही, फक्त सरांच्या त्या चेहऱ्याचं वाईट वाटलं.  म्हटलं, आता खरं बोलायचं.

"सर, मला माफ करा. मला नोटांतलं काही कळत नाही. ते गृहस्थ भूगोलाचे शिक्षक नाहीत. मी नोटांसाठी येतच नव्हतो. मी मंजिरीसाठी येत होतो."

हे मी सरांना सांगत होतो. पण माझ्याही समोर माइक होता, हो.

हसू एकदम थांबलं. इतकी शांतता आमच्या मंडळात श्रद्धांजलीच्या सभेतही कधी झाली नव्हती. त्या शांततेत दुसऱ्या रांगेतून आई उभी राहिली आणि तिने विचारलं, "कोण मंजिरी?"

तीनशे माणसांनी एकदम तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. सरांनी स्टेजवर येऊन तो कागद उतरवला, गुंडाळला, काखेत घातला आणि निघून गेले, एवढं आठवतं. घरी आल्यावर बाबा माझ्याशी बोलले नाहीत आणि आई थांबलीच नाही. तिचं म्हणणं एकच होतं. पोरगी आवडली तर आवडली म्हणून सांगायचं, त्याच्यापायी देश काहून काढला?

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. सगळं संपलं असंच धरून बसलो होतो. आणि संध्याकाळी चेरीतालच्या आमच्या दारात दाते सर उभे. बगलेत अल्बम. आईने खुर्ची पुसली, बाबांनी रेडिओ बंद केला, मी भिंतीला चिकटलो.

सर पाणी प्यायले. मग बाबांना म्हणाले, "मी भालेरावांकडे जाऊन आलो. नोटेवरचे ते गृहस्थ सेनापती होते. शाळेत गेले होते की नाही, देव जाणे. तुमच्या मुलाने मला दीड महिना हवेत ठेवलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या देशाची मान्यता मी काढून घेतली. ठिपका खोडला."

मी मान खाली घातली. आईने मात्र सरळ विचारलं, "अन् आमच्या पोराचं काय, सर?"

 सरांनी अल्बम उघडला, अगदी शेवटचं पान काढलं आणि आईपुढे सरकवला. माझी नोट तिथे लावलेली होती. म्हणाले, "भालेरावांना एक गोष्ट मुद्दाम विचारून घेतली. नमुना म्हणजे खोटी नोट नव्हे. कागद तोच, छपाई तीच, अस्सल असते. फक्त बाजारात चालत नाही."

आईने नोटेकडे पाहिलं. मग माझ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत.

"मग घेऊनच जा त्याले, सर," ती म्हणाली. "इथंबी कुठं चालून राहिला तो?"

आणि सर हसले. सभागृहात राहिलेलं सगळं हसू त्यांनी आमच्या घरात येऊन काढलं. मी वाकून पाहिलं तर नोटेखाली त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं, "नमुना. जावयाकडून." आमच्या दारात पाऊल टाकायच्या आधीच लिहून आणलं होतं त्यांनी!

अशी मला मान्यता मिळाली. इतकी वर्षं झाली, दोन मुलं झाली. ती नोट ज्या चिंचोळ्या पट्टीची, तिला अजून कुणी देश मानत नाही म्हणतात, आणि तिचं खरं नाव माझ्या जिभेवर आजही बसत नाही. पण सरांकडे कुणी नवीन पाहुणा आला की ते अल्बम मांडीवर घेतात आणि मला हाक मारतात, "नितीन, इकडे ये जरा. यांना नमुना दाखवायचाय."

मी जाऊन उभा राहतो. अल्बम बऱ्याचदा त्यानंतर उघडतात.